माळ्यावरून दिसलेला दर्या

नाटकाचे पडदे रंगवण्यात माझी सत्तावीस वर्षं गेली. जंगल, राजवाडा, रस्ता, तुरुंग, देऊळ आणि समुद्र, एवढे सहा पडदे असले की कुठल्याही मंडळीचं काम भागायचं. मिरजेतल्या माझ्या शेडमध्ये रंगलेले पडदे नागपूर-हुबळीपर्यंत फिरून आले. मी मात्र पुण्याच्या पलीकडे कधी गेलो नव्हतो. पुढे मंडळ्या बंद पडत गेल्या. ज्या टिकल्या त्या रंगमंचावर खरी दारं-खिडक्या उभ्या करू लागल्या. दोन वर्षांत माझ्याकडे एक पडदा आला नाही. शेवटी मेव्हण्यानं त्याच्या दुकानात ट्रकच्या पाट्या रंगवायला बोलावलं आणि मी हो म्हणून टाकलं.

त्याच आठवड्यात करंदीकर सरांचं पत्र आलं. सर मुंबईत चित्रकला शिकवून निवृत्त झाले होते आणि कुलाबा जिल्ह्यात, कर्जतच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या चाफेवाडीत घर बांधून राहिले होते. दर हिवाळ्यात तीन-चार कलावंतांना ते महिनाभर तिथे राहायला बोलावत. माझा एक पडदा त्यांनी पुण्याला पाहिला होता म्हणे. पत्रात लिहिलं होतं, "इथे काम करा, नाहीतर नुसते बसा. अट एकच. जाताना आपल्या हातची एक वस्तू गावात ठेवून जायची, आणि ती कुणाच्या मागणीवरून केलेली नसावी. राहण्याच्या जागा तीन आहेत. माझी बंगली, शाळेची खोली आणि राघोच्या घराचा माळा. जी मानवेल ती घ्यावी."

मेव्हण्याला म्हटलं, महिन्यानं येतो. बायकोनं कडक भाकऱ्यांची चवड आणि शेंगांची चटणी बांधून दिली. मी रंगांच्या पुड्या, कुंचले आणि सरसाच्या लाद्या पोत्यात भरल्या. सरस म्हणजे जनावराच्या चामड्यापासून केलेला चिकट पदार्थ. तो उकळून कोरड्या रंगात घातला की रंग कापडाला धरून राहतो. एवढं घेऊन निघालो.

बंगली

कर्जतच्या फलाटावर उतरलो आणि मान वर करून डोंगर पाहिले. आमच्याकडे आभाळ शेताच्या बांधापासून सुरू होतं. इथे ते सुरू व्हायला टोपी पडेपर्यंत मान मागे न्यावी लागली. एक बटाटेवडा खाल्ला, एसटीनं पायथ्याच्या गावाला आलो आणि तिथून दोन तास चढण. डोक्यावर लाकडाच्या मोळ्या घेतलेल्या बायका वरून झपझप उतरत होत्या. मी दर वळणावर पोतं खाली टेकवून बसत होतो. त्यांतली एक थांबून म्हणाली, "बस बाबा, दमानं जा. डोंगर काय पळून जात नाय."

बंगली म्हणजे दगडी जोत्यावरचं तीन खोल्यांचं नवं घर. मला एक खोली, लोखंडी खाट आणि डोंगराकडे उघडणारी मोठी खिडकी मिळाली. सर सत्तरीच्या आसपासचे, सडपातळ, कमी बोलणारे. पलीकडच्या खोलीत मुंबईचे दोन तरुण चित्रकार होते, एक दाढीवाला आणि एक चष्मेवाला. दोघंही मनानं चांगले. मला काका म्हणत, चहाचा पहिला कप माझ्या हातात देत. पण दुपारच्या चहाला ते आपापलं काम भिंतीला टेकवून त्यावर बोलत बसत, आणि ते बोलणं मराठीत असूनही मला समजायचं नाही.

मी खिडकीसमोरचा डोंगर काढायला बसलो. पाच दिवस बसलो. दर वेळी कागदावर उतरे तो दुसऱ्या अंकातल्या जंगलामागचा डोंगर. पुढे निळा, त्याच्यामागे जांभळा, त्याच्यामागे फिका आणि पायथ्याशी नायिकेला बसायला एक खडक. खिडकीतला डोंगर तसा नव्हता हे मला दिसत होतं. सकाळी त्याच्या अंगावर गवत पिवळंधमक असायचं, दुपारी तो अगदी जवळ येऊन उभा राहायचा. पण हात आपल्या सवयीनं चालायचा.

पाचव्या दिवशी मी माझा कागद भिंतीला टेकवला. दाढीवाला बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, "काका, हात फार साफ आहे तुमचा." चष्मेवाल्यानं मान हलवली. मग दोघं चहाकडे वळले. त्यांनी चुका काढल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्या संध्याकाळी खाटेवर बसून मी विचार केला, की सत्तावीस वर्षांत मला एकदाही कुणी विचारलं नाही, 'तुला काय काढायचंय?' आणि आता विचारलं तर माझ्यापाशी उत्तर नाही. दुसऱ्या दिवशी सरांना म्हटलं, "मला शाळेत जागा द्या." त्यांनी कारण विचारलं नाही. माझी वळकटी उचलून दारापर्यंत मात्र आले.

शाळा

शाळा एका खोलीची, शेणानं सारवलेली. सकाळी मुलं यायच्या आत अंथरूण गुंडाळून कपाटामागे ठेवायचं, ती गेली की खोली पुन्हा माझी. गुरुजी पायथ्याच्या गावातून रोज चढून येत. आल्या आल्या धापा टाकत फळ्याकडे बोट दाखवत, "पेंटरसाहेब, तेवढा हत्ती काढून ठेवा." मी हत्ती काढला, उंट काढला, रेल्वेचं इंजिन काढलं. मुलांना इंजिन इतकं आवडलं की दोन दिवस फळा पुसू दिला नाही आणि गुरुजींना गणितं तोंडी घ्यावी लागली. मी तिथे सुखात होतो, कारण पुन्हा कुणीतरी काय काढायचं ते सांगू लागलं होतं.

ते सुख वानरांनी संपवलं. चौथ्या दिवशी, रविवार होता, मी दार नुसतं ओढून विहिरीवर अंघोळीला गेलो. परत येतो तर टोळी खोलीत. कडक भाकऱ्या संपल्या होत्या, चटणीची पुडी फुटली होती, आणि सरसाच्या लाद्या त्यांनी गूळ समजून उचलल्या होत्या. एक थोराड हुप्प्या कौलांवर बसून लादी चावत होता. त्याचे दात चिकटले असावेत. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच त्याला फसवलंय, आणि लादी दरीत भिरकावली. त्याचं पाहून बाकीच्यांनीही आपापल्या लाद्या भिरकावल्या. सरसाशिवाय माझे रंग म्हणजे नुसती माती.

सोमवारी गुरुजींना सांगितलं. ते हसू दाबत म्हणाले, "एकदा चव कळली की रोज येणार हो ती. तुम्ही राघोकडे जा. त्याच्याकडे कुत्रा आहे आणि त्याची बायको आहे. वानरं दोघांनाही वचकून असतात."

माळा

राघोचं घर गावाच्या टोकाला. कारवीच्या काठ्यांचा कूड घालून त्यावर शेणमातीचं लिंपण, वर कौलं, पुढे पडवी, आणि पडवीपुढे खळं, म्हणजे भाताची झोडणी करायची सारवलेली मोकळी जागा. पीक केव्हाच घरात आलं होतं, त्यामुळे खळं रिकामं होतं. माळ्यावर चढायला आतून शिडी. वर अर्ध्या जागेत भात साठवायच्या कणग्या, उरलेल्या अर्ध्या जागेत माझं घोंगडं. उभं राहिलं की डोकं वाशाला लागायचं. खळ्याच्या बाजूला हात-दीड हाताची खिडकी, तिच्यातून खळं, त्यापलीकडे वालाचं हिरवं शेत आणि मग एकदम दरी.

राघो पस्तिशीचा, मोठ्या आवाजाचा. पावसाळ्यात शेती करायचा आणि उरलेले महिने बोलावणं आलं की खोपोलीच्या एका कारखान्यात बदलीवर जायचा. त्याची बायको देवकू तिशीची असेल. कामाला वाघीण आणि बोलायला कमी. आमच्याकडे घरातली बाई परक्या पुरुषाशी दाराआडून बोलते. देवकू मला वाढून समोर बसायची आणि पान रिकामं दिसलं की विचारल्याशिवाय भाकरी टाकायची. ज्वारीवर वाढलेल्या मला तिची तांदळाची भाकरी पहिल्या दिवशी धुतलेल्या रुमालासारखी वाटली. तिसऱ्या दिवशी वालाच्या बिरड्याबरोबर मी अशा चार रुमालांचा फडशा पाडला. चहात दूध नसायचं, गवती चहाची पात असायची. माझी बायको ऐकेल तर म्हणेल, काढा प्यायलात की काय.

एकच अडचण होती, वासाची. माळ्यावर चढलो तेव्हा वाटलं, कणगीमागे काहीतरी मरून पडलंय. मी शोधलं, सापडेना. शेवटी खाली येऊन लाजत लाजत सांगितलं. देवकू पहिल्यांदाच हसली.

"सुकं बोंबील हायत ते, दादा. तुमच्या डोक्यावर टोपली टांगलीय ना, त्यात. काढू का?"

"राहू द्या, वहिनी. मी नवा आहे, ते जुने आहेत."

तेव्हा कळलं की ती अलिबागेजवळच्या आक्षीची. तिचे वडील सुकी मासळी घेऊन कर्जतच्या बाजाराला येत, तिथे राघोच्या वडिलांशी ओळख झाली आणि त्या ओळखीतून लग्न जमलं. वडील वारले, भाऊ मुंबईला गोदीत लागला, घराला कुलूप. सात वर्षांत ती माहेरी गेली नव्हती. बोंबील आता ती कर्जतच्या बाजारातून आणत असे.

माळ्यावर आल्याच्या तिसऱ्या दिवशी राघो गावातल्या पाच-सहा जणांना घेऊन पडवीत आला. माघात गावदेवीची जत्रा असते, जत्रेला गावकरी नाटक करतात. यंदाच्या नाटकात राघो नायक होता, बोटीवर नोकरीला गेलेला आणि बारा वर्षांनी परत येणारा.

"पेंटर, आमाला पडदा काढून द्या," राघो म्हणाला. "दर साली भाड्याचा आणतो, तो फाटका असतो."

"कसला काढू? तुमचा डोंगर काढतो."

सगळे हसले. "डोंगर कशाला? डोंगर रोज बगतो आमी. दर्या काढा, दर्या! त्यात जहाज, जहाजावर निशान, मागं बुडता सूर्य. ह्या कॅलिंडरवर हाय ना, तस्साच."

भिंतीवर खोपोलीच्या कुठल्याशा दुकानाचं कॅलेंडर होतं. मी पाहिलं आणि जीव हलका झाला. हा समुद्र तर माझ्या बोटांत होता. सरांची अट आठवली, पण तिचं पुढे बघू असं स्वतःला सांगितलं.

गावानं कर्जतहून मांजरपाट आणला. देवकू आणि तिच्या जावेनं त्याचे पट्टे हातानं शिवून अठरा फुटांचं एक कापड केलं. सरस नव्हता, म्हणून राघोनं शेजारच्या ठाकरवाडीतून धावड्याच्या झाडाचा डिंक आणला आणि कापडाला खळ द्यायला देवकूनं तांदळाची पेज करून दिली. सत्तावीस वर्षांत माझ्या कुठल्याच पडद्याला इतका चांगला वास आला नव्हता.

खळं

पडदा खळ्यावर पसरला, कडांना दगड ठेवले आणि मी कामाला लागलो. पहिल्या दिवशी आभाळ. ते ओलं असताना कोंबड्या त्यावरून चालून गेल्या. मी ओरडत धावलो, तर राघो म्हणतो, "ऱ्हाऊ द्या, पाखरं दिसतील." दुसऱ्या दिवशी निळ्याचे तीन पट्टे, त्यांवर पांढऱ्या लाटांची वेलबुट्टी, मधोमध जहाज, मागे तांबडा सूर्य. गावातले लोक येऊन पाहून जात, वा वा म्हणत.

देवकू दिवसातून सहा वेळा हंडा-कळशी घेऊन खळ्याच्या कडेनं जायची. प्रत्येक वेळी पाहायची, बोलायची नाही. मला तिच्या न बोलण्याचा त्रास व्हायला लागला.

"वहिनी, कसा झालाय दर्या?"

"चांगला हाय."

"चांगला म्हणजे?"

"निळा हाय," म्हणाली आणि गेली.

तिसऱ्या दिवशी मी तिच्या वाटेतच उभा राहिलो. "वहिनी, खरं सांगा."

तिनं हंडा खाली ठेवला, पदरानं मान पुसली. "राग नका मानू, दादा. तुमी दर्या बगितलाय का?"

"नाही."

"कदीच नाय?"

"कधीच नाही. चाळीस वेळा रंगवलाय."

मला वाटलं, हसेल. ती हसली नाही. पडद्याकडे पाहत हळूच म्हणाली, "ह्ये तळं हाय, दादा. मोठं तळं."

मी माळ्यावर जाऊन खिडकीतून पडदा पाहिला. एवढं मोठं कापड लांबून पाहिल्याशिवाय कळत नाही. आणि खरंच, तळं होतं. सुशोभित तळं, त्यात खेळण्यातलं जहाज. थोड्या वेळानं देवकू भात काढायला वर आली. मी खिडकीतून बाजूला झालो आणि म्हटलं, "इथे उभ्या राहा आणि सांगा काय चुकलंय."

ती आधी कचरली, मग खिडकीशी वाकून उभी राहिली आणि बोलायला लागली.

"दर्या असा खाली नसतो. काठावर उभं ऱ्हायलं ना, की तो समोर उभा असतो. आपल्या डोळ्याएवढा उंच. लहान होते तवा मला वाटायचं, एवढा उंच हाय तर अंगावर सांडत कसा नाय? आन् निळा कुठला? काठाशी मातीसारखा, म्होरं राखेसारखा, आन् लांब एक काळी रेघ. ओहोटी लागली की पानी पार लांब जातं. होड्या कुशीवर पडून ऱ्हातात. वाळू ओली असते, तिच्यात आभाळ दिसतं, त्यावरून चालायचं म्हंजे आभाळावरून चालायचं. लाट सगळी एकदम येत नाय दादा, एका कडेनं फुटत येते, चादर ओढावी तशी."

मी खडू घेतला आणि भिंतीच्या लिंपणावरच ओढत गेलो. तिनं दोनदा माझा खडू थांबवला. रेघ वर घ्या म्हणाली. मी घेतली. अजून वर घ्या म्हणाली.

त्या संध्याकाळी शेतात पोपटी लावली. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यात वालाच्या शेंगा, कांदे-बटाटे, वर पुन्हा पाला. मडकं उपडं करून भोवती पेंढा आणि गोवऱ्या पेटवायच्या. पाण्याचा थेंब नाही. पाल्याच्या वाफेवर शेंगा शिजतात आणि त्यांना जो वास लागतो तसा माझ्या नाकानं आजवर घेतला नव्हता. आम्ही शेंगा सोलत बसलो होतो आणि देवकू बोलतच होती. वडिलांची होडी, भरतीची वेळ चंद्रावरून कशी ओळखायची, पाणी फिरताना सगळा किनारा क्षणभर गप्प कसा होतो. राघोच्या हातातली शेंग तशीच राहिली होती.

"लग्नाला बारा वर्सं झाली," तो मला म्हणाला, "एवढी कदी बोलली नाय ही."

"तुमी कदी इचारलंत?" देवकू म्हणाली आणि शेंगांची टरफलं गोळा करायला उठली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खडूची पांढरी पूड डिंकाच्या पाण्यात कालवली आणि सबंध पडदा पांढरा करून टाकला. राघो दुपारी आला तो खळ्याच्या कडेला खिळलाच.

"सूर्य कुठं गेला?"

"पुसला."

"आन् जहाज?"

"जहाज पण पुसलं. राघोभाऊ, तो दर्या खोटा होता. मी खरा काढतो."

"खरा कुनाला पायजे?" त्याचा आवाज चढला. "जत्रा दहा दिवसांवर आली. मी बोटीतनं उतरनार आन् मागं बोटच नाय? लोक हसतील मला!"

माझ्या तोंडाशी आलं होतं की बरं, काढतो जहाज. गिऱ्हाइकाला मी आयुष्यात नाही म्हटलं नव्हतं. पण तोंडातून निघालं, "जहाज येणार नाही." राघो निघून गेला.

पुढचे चार दिवस अवघड गेले. राघो माझ्याशी बोलेना. ज्याच्या घरी राहतो, ज्याचं खातो, त्याचाच पडदा मी पुसला होता. पानात भाकरी वेळेवर पडे, पण देवकूही गप्प झाली होती आणि खळ्याकडे पाहायचं टाळून मागच्या वाटेनं पाण्याला जाऊ लागली. बंगलीत परत जावं असं एकदा वाटलं. पण माळ्याची खिडकी सोडली तर पडदा पाहणार कुठून? मी रंगवत राहिलो. नीळ जवळजवळ लागलीच नाही. पेवडीची पिवळी माती, काजळी आणि पांढरा यांच्यातच सगळं निघालं. दहा वेळा शिडी चढून पाहायचं आणि दहा वेळा उतरायचं. गुडघे बोलायला लागले. बरोबर चाललंय की चूक, हे मला कळायला मार्गच नव्हता. जी सांगू शकत होती ती पाहत नव्हती.

पाचव्या दिवशी दुपारी मी कुंचले धुतले आणि सगळ्यांना बोलावलं. नाटकवाले आले, गुरुजी आले, सर आणि ते दोघं तरुण बंगलीतून उतरून आले. राघो सर्वांत मागे हाताची घडी घालून. सगळे खळ्याच्या कडेनं उभे राहून खाली पाहू लागले. जवळून काय दिसणार? करड्या-मातकट रंगाचे फराटे. कुणीतरी म्हणालं, "ही तर भाताची खाचरं हायत." एक-दोघे हसले. राघो म्हणाला, "बगितलंत?"

मी म्हणालो, "लांबून पाहायला हवं." पण माझा आवाज मलाच पटला नाही.

राघोनं घराकडे तोंड करून हाक मारली, "चहा ठेव गं." उत्तर आलं नाही. देवकू माळ्यावर भात काढायला गेली होती. त्यानं पुन्हा हाक मारली. मग तो तणतणत आत गेला आणि शिडी चढला. मी त्याच्यामागून चढलो.

देवकू खिडकीशी गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. पायली बाजूला उलटी पडली होती. आमची चाहूल लागली तरी तिनं मान वळवली नाही.

"काय गं?" राघोनं विचारलं.

"ओहोटी सरत आली," ती म्हणाली. "आता पानी फिरंल. त्या होडीच्या खाली शिरंल आधी."

राघो तिच्या मागून वाकला. खिडकी एवढीशी, दोघांची डोकी कशीबशी मावली. मला पडदा दिसत नव्हता, त्या दोघांच्या पाठी दिसत होत्या. खाली गुरुजींचा आवाज येत होता, कुत्रा भुंकत होता.

"ही होडी तुझ्या बापाची का?" राघोनं विचारलं.

"तशीच हाय."

तो सरळ उभा राहायला गेला आणि त्याचं डोकं वाशावर आपटलं. टाळू चोळत माझ्याकडे वळून म्हणाला, "जहाज नको, पेंटर. मी चालतच येतो. ओहोटीला जहाज कसं लागंल?" मग तिला म्हणाला, "शिमग्याला जायचं का गं तिकडं?"

देवकूनं आता मान वळवली. डोळे भरले होते, पण आवाज नेहमीचाच होता. "जाऊ."

"पन ऱ्हायाचं कुठं? घराला कुलूप हाय."

"ह्या दादांना आपुन ठेवलं नाय का?" ती म्हणाली. "आपल्याला बी ठेवील कुनीतरी." आणि पायली सुलट करून भात मोजायला लागली.

त्यानंतर त्या दुपारी अख्खं गाव एकेक करून राघोच्या माळ्यावर चढलं. खाली उतरणारा प्रत्येक जण वर जाणाऱ्याला सांगायचा, रेघ बघ, काळी रेघ बघ. दाढीवाला सर्वांत जास्त वेळ वर थांबला. उतरल्यावर त्यानं विचारलं, "काका, ओल्या वाळूत आभाळ कसं उतरवलंत? मला दाखवाल?" मी दाखवलं. आम्ही पडद्याच्या कडेला उकिडवे बसून तासभर बोललो आणि या वेळी मला त्याचं सगळं बोलणं समजलं.

सर जायला निघाले तेव्हा मी म्हणालो, "सर, तुमची अट माझ्याकडून पाळली गेली नाही. पडद्याची मागणी राघोची होती."

"राघोची मागणी जहाजाची होती," सर म्हणाले. "जहाज कुठे आहे?"

दोन दिवसांनी मी निघालो. मेव्हण्याला दिलेला शब्द होता, जत्रेपर्यंत थांबता आलं नाही. राघो माझं पोतं खांद्यावर घेऊन पायथ्यापर्यंत आला. वाटभर नाटकातली भाषणं म्हणून दाखवत होता. देवकूनं बोंबलाची चटणी बांधून दिली होती. तिच्या वासानं गाडीत माझ्या शेजारची जागा पुण्यापर्यंत रिकामी राहिली.

आता मी ट्रकच्या पाट्या रंगवतो. काम वाईट नाही. ड्रायव्हर लोक मोकळे असतात, काय हवं ते नेमकं सांगतात. मागच्या आठवड्यात एकानं पाटीवर डोंगर मागितला. मी त्याला विचारलं, कुठला डोंगर, आणि तो त्याच्या गावाचा डोंगर सांगत माझ्यापाशी दुपारभर बसला. मेव्हणा मध्येच घड्याळ दाखवून गेला.

काल चाफेवाडीहून पोस्टकार्ड आलं. अक्षर गुरुजींचं, मजकूर राघोचा.

"पेंटरदादा यांस नमस्कार. नाटक चांगले झाले. मी चालतच आलो, कोणी हसले नाही. शिमग्याला आक्षीला गेलो. सहा दिवस राहिलो, तीन घरांनी ठेवून घेतले, चौथे घर रागावले. दर्या पाहिला. हिने सांगितले तसाच आहे, पण तुम्ही पाणी थोडे फिके काढले आहे. पुढच्या हिवाळ्यात येऊन दुरुस्त करावे. येताना आधी आक्षीला जाऊन यावे, पत्ता देतो. बोंबलांची टोपली खाली घेतली आहे. माळा रिकामा आहे."